त्रेचाळीस शब्द, एक श्वास

२७ जानेवारी

आज प्रातःकाळी आरशात पाहिले असता अस्मादिकांच्या दोन्ही पापण्यांवर जांभळट छटा अवतीर्ण झाल्याचे आढळले. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी निसर्गाने न मागता प्रसाधन करून द्यावे, ही घटना नोंदीस पात्र आहे. म्हणून ही वही. कातडी बांधणीची, सोनेरी कडांची. एका सत्कारमूर्तीने समारंभाच्या आदल्या दिवशी देह ठेवल्यामुळे दुकानात शिल्लक राहिली होती.

भावी संशोधकांच्या सोयीसाठी थोडा पूर्वेतिहास. मी संगप्पा कलशेट्टी, सोलापुरात नवी पेठेत 'सन्मान भांडार' चालवतो. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह आणि चौकटीतले मानपत्र. चौकट कोणीही करून देईल. आतला मजकूर मात्र अस्मादिकांचा. जिल्ह्यात असा निवृत्त मुख्याध्यापक नाही, ज्याला मी एकदा तरी ज्ञानसूर्य म्हटलेले नाही.

या शास्त्राचा एकच नियम मी मानतो. मानपत्राचे पहिले वाक्य एका श्वासात म्हणता आले पाहिजे. वाचणारे पाहुणे मध्येच थांबले, की वाचन संपले असे समजून लोक टाळ्या वाजवतात. आणि टाळ्या एकदा वाजल्या, की सत्कारमूर्तीचे उरलेले गुण कोणी ऐकत नाही. म्हणून प्रत्येक मसुद्याची परीक्षा होते. मी उभा राहून मोठ्याने वाचतो. शिवम्मा, माझी धर्मपत्नी, स्टुलावर पेन्सिल घेऊन बसते. मी जिथे श्वास घेईन तिथे ती उभी रेघ मारते, कोपऱ्यात तारीख घालते आणि कागद चादरींच्या एका जुन्या खोक्यात टाकते. बावीस वर्षे हा क्रम अखंड आहे. मधूनच एखाद्या शब्दाखाली ती लहानसे वर्तुळही काढते. त्याचा अर्थ मी कधी विचारला नाही. रसिकाला दाद कशाला दिली असे विचारू नये.

५ फेब्रुवारी

डॉक्टर गुरुराजकडे गेलो. हा आमचा शाळूसोबती, आता कुटुंबाचा वैद्य. रुग्णाला 'संग्या' म्हणणारा सोलापुरातील एकमेव पदवीधर. बोटांच्या सांध्यांवर लालसर उंचवटे आले आहेत, तेही दाखवले.

"गड्ड्याच्या यात्रेत उन्हात हिंडलास?" त्याने विचारले.

"सलग चार दिवस. देवाची सेवा."

"मग देवाचीच ॲलर्जी आहे. हे मलम लाव, टोपी घाल."

दुकानात परतलो तो मोहोळचे जोतीराम येऊन बसलेले. वयाने चाळिशीचे, आवाजाने मोकळ्या रानाचे. त्यांच्या गावच्या उपकेंद्रात चौतीस वर्षे नर्स असलेल्या वच्छलाबाई पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या. नऊ मार्चला सत्कार आहे.

"आण्णा, लई जोरात लिवा. गावातली निम्मी माणसं बाईंच्या हातावर जन्माला आल्यात."

"आणि उरलेली निम्मी?"

"ती त्यांच्या बायका हायत की. भायेरगावच्या."

या उत्तरातील संख्याशास्त्रावर मी बराच वेळ प्रसन्न होतो.

६ फेब्रुवारी

मसुदा सिद्ध झाला. पहिले वाक्य त्रेचाळीस शब्दांचे: "प्रातःस्मरणीय, निरलसकर्मयोगिनी, सहस्रावधि नवजातांच्या प्रथमरुदनाच्या एकमेव साक्षीदार" येथून निघून ते थेट "आपल्या करकमलांच्या ऋणात" येथे विसावते. परीक्षा घेतली. रेघ एकही नाही. वर्तुळे पाच. शिवम्मा इतकी दाद सहसा देत नाही.

१२ फेब्रुवारी

तळहाताच्या घड्यांत लहान खळगे पडले आहेत, मध्यभागी पांढरे आणि कडेला लाल. कोणी अत्यंत बारीक पहारीने खड्डे खणावेत तसे. पान उलटताना ठणकतात. उजव्या हाताला तीन, डाव्या हाताला दोन. असमानतेचे कारण कळत नाही. तोंड आतून सोलले आहे, त्यामुळे शेंगाचटणीचा त्याग केला. या शहरात हा संन्यास समजला जातो.

मसुदा पुन्हा वाचला. एक रेघ आली, 'साक्षीदार' या शब्दानंतर. गेल्या आठवड्यात जे वाक्य सरळ गेले ते आज अडखळावे, याचा अर्थ वाक्यात मुळातच दोष होता आणि पहिल्या उत्साहात तो लपला. 'निरलस' काढले, आणखी पाच विशेषणांना निरोप दिला. अडतीस शब्द राहिले.

१७ फेब्रुवारी

वरच्या फळीवरची चौकट काढताना हात खांद्यापाशी थांबला आणि पुढे जाण्यास नकार देऊ लागला. गुरुराजला सांगितले. या वेळी तो गंभीर झाला. पापण्या, सांधे आणि आता हात. स्नायूंना सूज आणणारा एक आजार असतो, म्हणाला, रक्त तपासू. सायंकाळी अहवाल आला. स्नायूंना इजा झाली की रक्तात जे द्रव्य वाढते, ते वाढलेले नाही.

"स्नायू झकास आहेत, संग्या. विषय संपला. खोकला कधीपासून?"

"आठ दिवस. धूळ असते दुकानात."

"मग धूळ झाड."

विषय संपल्याचा आनंद म्हणून घरी येताना शिवम्मासाठी मोगरा घेतला. तिने तो घेतला आणि विचारले, "जिन्यात का थांबला होता?"

"विचार करत होतो."

"कसला?"

"विशेषणांचा."

हे पूर्णांशाने असत्य नव्हते.

२२ फेब्रुवारी

वाक्य आता एकोणतीस शब्दांवर आणले आहे आणि रेघा दोन झाल्या आहेत. हे गूढ आहे. बादलीतले पाणी कमी करावे आणि ती जड व्हावी, तसे. प्रथम जोडाक्षरांवर संशय घेतला: 'सहस्रावधि', 'कर्मयोगिनी' यांत वारा फार खर्च होतो. ती काढली. फरक नाही.

मग शास्त्रीय पद्धतीने एक तुलनात्मक प्रयोग केला. खोक्यातून २०१९ सालचे एका मुख्याध्यापकांचे मानपत्र काढले. एक्कावन्न शब्द, त्या वेळी शिवम्माने एकही रेघ मारली नव्हती. आज तेच वाचले, चार रेघा आल्या. निष्कर्ष विनयाने नोंदवतो: २०१९ सालीही मी वाईटच लिहीत होतो, आणि आम्हां दोघांनाही ते उमगले नाही.

हा निष्कर्ष शिवम्माला ऐकवला. ती हसली नाही. त्या जुन्या कागदावर आजची तारीख घातली आणि उठून आत गेली. तिला २०१९ बद्दल वाईट वाटले असावे.

२७ फेब्रुवारी

बावीस शब्द. तीन रेघा. वर्तुळ एकच. दाद आटत चालली आहे, आणि ते साहजिक आहे. बावीस शब्दांत माणसाला कितीसे थोर करता येणार?

शिवम्मा म्हणाली, "परवा माझ्या गुडघ्याला दाखवायचं हाय. पुण्याच्या सांध्यांच्या डॉक्टरीण येतात, शनिवार सोडून शनिवार. तुमी चला संगट."

तिचे गुडघे दुखतात हे मला ठाऊक नव्हते. पतीचे लक्ष नसते, ही तक्रार ती करू शकली असती; केली नाही. थोर स्त्री.

१ मार्च

आजची नोंद रुग्णालयाच्या खाटेवरून. नाकात नळी आहे. क्रमाने लिहितो.

सांध्यांच्या डॉक्टर म्हणजे ऋतुजा नावाच्या, पस्तिशीच्या, पायात खेळाचे बूट घालणाऱ्या बाई. कागदावर शिवम्माचे नाव होते. आत गेल्यावर तिने मला रुग्णाच्या खुर्चीत बसवले आणि स्वतः उभी राहिली.

"काकू, गुडघे तुमचे ना?"

"माझे गुडघे बरे हायत. दुखणं हे हितं बसलंय."

बाईंनी माझ्याकडे पाहिले. पापण्या पाहिल्या. हात मागितले, सांधे पाहिले, मग तळवे उलटे केले. आणि तळव्यांवरच्या त्या खळग्यांशी त्यांची नजर अशी थांबली, की मला प्रथमच वाटले, हे बारीक पहारीचे काम कोणीतरी आधी पाहिलेले आहे.

"काका, दम लागतो?"

"नाही. वाक्ये लांब होतात."

बोटाला चिमटा लावून त्यांनी मला बाहेरच्या लांब मार्गिकेत चालवले. रक्तातल्या प्राणवायूचा आकडा निघताना सत्त्याण्णव होता, परतताना सत्त्याऐंशी. सत्त्याण्णव गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याची ही अधोगती मी कुतूहलाने पाहिली. त्यांनी कुतूहलाने पाहिली नाही.

"हे कधीपासून?"

"काहीच सुरू झालेले नाही," मी म्हणालो.

शिवम्माने पिशवीतून कागद काढले. माझे मसुदे. मला वाटले, ती माझी थोरवी सिद्ध करण्यासाठी आणली असावी. तिने ते तारखेच्या क्रमाने तपासणीच्या खाटेवर मांडले: त्रेचाळीस शब्द, रेघ नाही. अडतीस, एक. एकोणतीस, दोन. बावीस, तीन. आणि शेवटी ते मुख्याध्यापक: एकाच कागदावर दोन तारखा, २०१९ला एकही रेघ नाही आणि आठ दिवसांपूर्वी चार.

"जिथं श्वास घेतात तिथं मी रेघ मारते," ती म्हणाली. "बावीस वर्षं मारते. ह्यांना वाटतंय वाक्य बिघडलं."

डॉक्टरबाईंनी वाकून एकेका कागदावरच्या रेघा मोजल्या.

"काका," त्या म्हणाल्या, "तुम्ही तीन आठवडे वाक्याची शस्त्रक्रिया करत होतात."

यावर सुचलेले उत्तर मी गिळले. बावीस वर्षांतला पहिला प्रसंग.

स्कॅन झाला. दोन्ही फुप्फुसांच्या तळाशी पांढरे धुके आहे. रोगाचे नाव डर्मॅटोमायोसायटिस; त्वचा आणि स्नायू यांचा दाह. शरीराचे संरक्षक दल स्वतःच्याच पेठेवर चाल करते. पण त्यातही एक विरळ पोटजात आहे, जी स्नायूंना जवळजवळ सोडून देते आणि फुप्फुसांवर जाते. म्हणून गुरुराजच्या रक्तपरीक्षेत ती सापडली नाही. तळव्यांचे खळगे हा तिचा शिक्का. खात्रीची तपासणी बाहेरगावी जाते, अहवालाला आठवडा लागतो.

"आठवडा थांबू," मी सुचवले. "घाई करू नये."

"तुमच्या रेघा तीन आठवड्यांत शून्यावरून तीनवर आल्या, वाक्य निम्मं होऊनही. हा वेग मला आवडत नाही. हा आजार काही जणांत महिन्या-दोन महिन्यांत जीव घेतो. अहवाल येईल तेव्हा येईल, औषध आजपासून."

शिवम्माने विचारले, "हे कागद नसते तर?"

"तर मी कदाचित अहवालाची वाट पाहिली असती, काकू."

३ मार्च

तीन औषधे एकदम चालू आहेत. शिरेतून स्टेरॉइड, दुसरे गोळ्यांतून, तिसरे अशा बाटलीतून, जी लावताना परिचारिका दोन हातमोजे घालतात. मी विचारले, जे तुम्हांला बोटावरही नको ते मला थेट रक्तात कसे चालते? त्या म्हणाल्या, "काका, तुमचं दल फार माजलंय." संरक्षक दल निःशस्त्र केल्यामुळे आता साधी सर्दीही मला मारू शकते, म्हणून भेटायला येणाऱ्यांना बंदी. शिवम्मा तोंडाला मुसके बांधून असते. डोळ्यांवरून ती रागावली आहे की काळजीत आहे, हे ओळखायला मी शिकतो आहे. एकतीस वर्षांच्या संसारानंतर नवा अभ्यासक्रम.

५ मार्च

गुरुराज दारातल्या काचेपलीकडे उभा राहिला आणि फोनवर बोलला.

"रक्त चांगलं होतं रे, संग्या."

"चांगलेच होते. तुझे निदान भाषेच्या दृष्टीने निर्दोष होते."

"आठ दिवस खोकला म्हणालास तेव्हा छातीला स्टेथोस्कोप लावायला हवा होता. दहा मिनिटं लागली असती."

तो काचेवर हात टेकून उभा राहिला. त्याच्या हाताचा ठसा गेल्यानंतरही काही वेळ तिथे होता.

८ मार्च

अहवाल आला: तीच पोटजात. डॉक्टर ऋतुजा फोनवर म्हणाल्या, सुरुवात वेळेत झाली, एवढे आपल्या बाजूने आहे. पुढचे दोन आठवडे महत्त्वाचे. उद्याचा सत्कार अर्थातच होणे नाही. जोतीरामांचा निरोप: "बाई म्हणल्या, लिवणारा बरा होऊं दे. म्या कुटं पळून चाललेय."

या औदार्याने मी भारावलो आणि एक गुप्त निर्णय घेतला. फुप्फुसांना व्यायाम हवा, हे उघड आहे. शिवम्मा खाली जेवायला गेली, की स्नानगृहात नळ सोडून छाती भरून घ्यावी, श्वास कोंडावा आणि मूळ त्रेचाळीस शब्दांचा जोर लावून अभ्यास करावा. दुपारी एकोणीस शब्दांपर्यंत पोहोचलो. रात्री सतरा. उद्या अधिक जोर लावीन.

१० मार्च

सकाळी शिवम्मा ओल्या फडक्याने माझी मान पुसत होती. हात थांबला.

"एन री हे?" काय हो हे, असे कन्नडात म्हणत तिने गळ्याच्या खळगीजवळ दोन बोटे दाबली. पुन्हा दाबली. "थांबा. हलू नका. हितं कडक भाकरी मोडल्यावाणी वाजतंय."

मी स्वतः बोट लावून पाहिले. खरेच. कातडीखाली कोणी वाळलेल्या भाकरीचा चुरा पसरला होता, आणि बोटाखाली तो करकरत होता. मला हे अतिशय मनोवेधक वाटले.

पाळीवरच्या डॉक्टरांनी दारातूनच पाहिले. "स्टेरॉइडने चेहरा-मान सुजते, आजी. काळजी नको."

शिवम्मा अठ्ठेचाळीस वर्षांची आहे. आजी म्हटल्याचे तिने त्या क्षणी बाजूला ठेवले, हे मी पाहिले. त्यांच्याजवळ जाऊन म्हणाली, "सूज दाबली की खड्डा पडतोय. हे वाजतंय. मी रोज भाकरी करते, वाळवते, मोडते. तुमचं बोट द्या हिकडं." आणि तिने त्यांचे बोट धरून माझ्या मानेवर ठेवले.

त्यांचा चेहरा बदलला. अर्ध्या तासात स्कॅन झाला. दुखऱ्या फुप्फुसातून हवा फुटून छातीच्या मध्यभागी, हृदयाभोवती साठली आहे, आणि तिथून कातडीखालून मानेपर्यंत चढली आहे. या रोगातही ही गुंतागुंत थोड्यांनाच होते. डॉक्टर ऋतुजांनी फोन स्पीकरवर ठेवायला सांगितले.

"काका, ही हवा बहुतेक आपोआप शोषली जाते. ऑक्सिजन, झोपून विश्रांती, खोकला दाबायचं औषध, आणि संपूर्ण मौन. छातीत नळी घालायची वेळ अजून आलेली नाही. एकच गोष्ट टाळायची आहे: श्वासाच्या यंत्रावर जायची वेळ. यंत्र जोरानं हवा ढकलतं, आणि तुमची फुप्फुसं आता तो जोर सोसणार नाहीत. गेल्या दोन दिवसांत जोर लावलात का कशाचा?"

नळाच्या थेंबाचा आवाज येत होता.

"त्रेचाळीस शब्दांचा," मी म्हणालो.

"त्यानंच झालं असं मी म्हणणार नाही. हा आजार स्वतःही करतो हे. पण पुन्हा एक शब्दसुद्धा नाही."

शिवम्माने फडके पिळले आणि वाळत घातले. "साकु," ती म्हणाली. पुरे. इतकेच.

११ मार्च

मौन. उशाशी लिहायला पाटी. परिचारिका म्हणतात, वॉर्ड ओस वाटतो.

१३ मार्च

प्राणवायूचा प्रवाह वाढवला. आकडा नव्वदच्या खाली सरकतो, पुन्हा चढतो. सांगायचे तर मला भीती वाटते. तिला विशेषण लावून पाहिले, लागत नाही.

शिवम्माला पाटीवर लिहून विचारले, "तुला पहिल्यांदा कधी कळले?"

ती म्हणाली, "गेल्या महिन्यात, बारा तारखेला. पहिली रेघ मारली तेव्हा."

"बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुमी रेघ मारूच दिली नसती. मोजायचं तर गप्प बसून मोजावं लागतंय."

१५ मार्च

डॉक्टर ऋतुजा पुण्याहून आल्या. मानेवर बोट ठेवले, डोळे मिटून दाबले. एक औषध वाढवले. जाताना शिवम्माला म्हणाल्या, "मी परिषदेत हे सांगणार आहे, काकू. पेन्सिल आणि भाकरी, दोन्ही. चालेल?" शिवम्मा म्हणाली, "आधी हे घरी येऊं द्या."

१९ मार्च

आज मान कमी वाजते. शिवम्मा दिवसातून तीनदा दाबून पाहते आणि जितक्या ठिकाणी वाजेल तितक्या रेघा भिंतीवरच्या कॅलेंडरावर मारते. सकाळी तीन रेघा, दुपारी दोन, सायंकाळी दोन.

२९ मार्च

मान मुकी झाली. स्कॅनमध्ये हवा नाही. धुके आहे, पण वाढलेले नाही. एका कडेला विरळ झाले आहे. डॉक्टर ऋतुजांनी बोलण्याची परवानगी दिली. अठरा दिवसांनी पहिला शब्द कोणता काढावा, याचा मी फार विचार केला होता. तीन पर्याय तयार होते. प्रत्यक्षात तोंडातून "पाणी" आले.

६ एप्रिल

घरी. जिना चढताना प्रत्येक पायरीवर एक श्वास. शिवम्मा मागे होती. मोजत होती, हे आता मला पाठीनेही कळते.

२० मे

स्टेरॉइडने चेहरा पौर्णिमेच्या चंद्रासारखा वाटोळा झाला आहे. ही उपमा मी आजवर किमान साठ सत्कारमूर्तींना दिली, त्यांची क्षमा मागतो. गोळ्या बहुधा वर्षानुवर्षे. पापण्या पूर्ववत, तळव्यांचे खळगे भरले, व्रण उरले. डॉक्टर म्हणाल्या, फुप्फुसांतही व्रण राहतील. गेलेला भाग परत यायचा नाही, राहिलेला राखायचा.

दुपारी खोके उघडले. बावीस वर्षांचे मसुदे. रेघांचा अर्थ आता सर्वांना ठाऊक आहे. वर्तुळांचे मात्र राहिले होते. न विचारण्याचा नियम आज मोडला.

"ही वर्तुळे कशाची?"

शिवम्मा शेंगा निवडत होती. "ती व्हय. जिथं कुणाला काही कळणार न्हाई तिथं काढते."

मी २००७ सालचा एक कागद उचलला. त्यावर चौदा वर्तुळे होती. तो मी चौकट करून दुकानात लावावा असे योजले होते.

"सांगितले का नाहीस?"

"तुमी वर्तुळं मोजून खूश व्हायचा."

१२ जून

वच्छलाबाईंचा सत्कार पंधरा जूनला ठरला. जोतीराम तोंडाला मुसके लावून मसुद्यासाठी आले, आणि नियमानुसार दारातच बसले.

मी महिनाभर लिहीत होतो. प्रथम बावीस शब्द, मग पंधरा. काय काढावे हे आता कळते: फुप्फुस सांगते. शेवटी उरले ते इतके: "वच्छलाबाई, या गावाने पहिला श्वास तुमच्या हातांत घेतला."

शिवम्मा स्टुलावर बसली. मी उभा राहून वाचले. तिने कोपऱ्यात तारीख घातली, आणि पेन्सिल तशीच हातात राहिली. कागद पाहिला: रेघ नाही, वर्तुळ नाही. असा कोरा कागद बावीस वर्षांत मला मिळालेला नव्हता, आणि खरे सांगायचे तर मी थोडा खट्टू झालो.

"आण्णा, येवढंच?" जोतीराम दारातून म्हणाले.

"एवढेच."

त्यांनी कागद घेतला, ओठ हलवत पुन्हा वाचला. "बास की मग," म्हणाले.

१५ जून

मोहोळ. डॉक्टरांच्या अनुज्ञेने, उघड्या मांडवात, पंख्याखाली. वाक्य मीच वाचले. एका श्वासात गेले. लोकांनी वाचन संपले असे समजून टाळ्या वाजवल्या, आणि खरोखर संपलेच होते.

वच्छलाबाई लहानखुऱ्या, ताठ. त्यांनी मानपत्राकडे पाहिलेही नाही. माझे मनगट धरले, दुसऱ्या हाताने पदराला लावलेले घड्याळ उलटे केले, आणि माझ्या छातीकडे बघत ओठ न हलवता मोजू लागल्या.

"मिनिटाला वीस," त्या म्हणाल्या. "बरं हाय. पर मंचाच्या पायऱ्या चढताना दोनदा थांबला. म्या बघितलं."

"एकदाच," शिवम्मा शेजारून म्हणाली. "दुसऱ्या बारीला चप्पल निसटली होती."

"चप्पल निसटली, पर खांदं वर झालं. त्यो श्वासच हुता."

"न्हाई हो बाई. मी मागंच होते."

"मग पुन्यांदा मोजू की."

दोघींनी माझ्याकडे पाहिले. समोर शाल, श्रीफळ आणि तीनशे माणसे तिष्ठत होती. अस्मादिक मध्ये उभे राहिले, आणि दोघींच्या मोजणीत व्यत्यय येऊ नये म्हणून सावकाश श्वास घेत राहिले.